'पॅरडाइज लॉस्ट'मधील ईश्वराचे राजेपण : सादृश्य की अनन्यता?

१

३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यासमोर इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. सुमारे दोन आठवड्यांतच 'द टेन्युअर ऑफ किंग्ज अँड मॅजिस्ट्रेट्स' ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. राजसत्ता हा लोकांनी सोपविलेला विश्वास आहे, तो मोडणाऱ्या राजाला पदच्युत करण्याचा आणि प्रसंगी देहदंड देण्याचाही अधिकार लोकांना आहे, असे तिचे प्रतिपादन होते. तिचा कर्ता जॉन मिल्टन. पुढे अठरा वर्षांनी, १६६७ मध्ये, याच मिल्टनचे 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य प्रकाशित झाले. त्यात ईश्वर सिंहासनावर विराजमान आहे, त्याची आज्ञा अंतिम आहे आणि तिच्याविरुद्ध बंड करणारा सैतान समता व स्वातंत्र्य यांची भाषा बोलतो. राजहत्येचे समर्थन करणाऱ्या कवीने आपल्या महाकाव्याच्या केंद्रस्थानी एका निरंकुश राजाला का बसवावे, हा प्रश्न मिल्टन-समीक्षेत तेव्हापासून वारंवार उपस्थित झालेला आहे.

त्याची उत्तरे परिचित आहेत. मिल्टन नकळत सैतानाच्या पक्षाचा होता, असे ब्लेकने अठराव्या शतकाच्या अखेरीस सुचविले. सी. एस. लुइस यांनी १९४२ मध्ये श्रेणीबद्ध विश्वाच्या कल्पनेचा आधार घेतला : जो स्वभावतःच श्रेष्ठ आहे त्याची आज्ञा मानणे योग्य, ईश्वर तसा श्रेष्ठ आहे, चार्ल्स नव्हता, म्हणून विसंगती उरत नाही. विल्यम एम्पसन यांनी १९६१ मध्ये नेमकी उलट बाजू घेतली. काव्यातील ईश्वर बंडाला स्वतःच चिथावणी देतो आणि ते पाहून हसतो. हा दोष कवीचा नसून ख्रिस्ती ईश्वरकल्पनेचाच आहे, असे त्यांचे म्हणणे. ख्रिस्तोफर हिल यांनी १९७७ मध्ये हे काव्य फसलेल्या क्रांतीच्या अनुभवाशी जोडले.

या उत्तरांत मतभेद कितीही असले, तरी लुइस आणि एम्पसन या दोन टोकांच्या समीक्षकांमध्ये एक गृहीत समान आहे. स्वर्गातील राजेपण आणि पृथ्वीवरील राजेपण एकाच जातीचे असून ती एकाच शिडीची खालची-वरची पायरी आहे, हे ते गृहीत होय. लुइस त्या शिडीचे समर्थन करतात, एम्पसन तिचा धिक्कार करतात. मिल्टनचे काव्य मात्र ही शिडीच नाकारण्याचा प्रयत्न करते. हा प्रयत्न कोठवर यशस्वी होतो आणि कोठे थांबतो, याचा शोध घेतल्याशिवाय वरील प्रश्नाची उकल होणार नाही.

२

ख्रिस्ती धर्मग्रंथात ईश्वराच्या राजेपणाविषयी दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहतात. पहिल्याला सादृश्याचा प्रवाह म्हणता येईल. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायानुसार सत्ता ईश्वराकडून येते. ब्याऐंशीव्या स्तोत्रात न्यायकर्त्यांना उद्देशून देव हा शब्द आलेला आहे. चार्ल्सचा पिता पहिला जेम्स याने १६१० मध्ये पार्लमेंटपुढे केलेल्या भाषणात याच आधारावर राजे हे पृथ्वीवरील ईश्वराचे प्रतिनिधी असल्याचे सांगितले. या प्रवाहात ईश्वर हे मूळ आणि राजा ही त्याची प्रतिमा ठरते. मुळाविषयीची भक्ती प्रतिमेकडे वळविणे येथे सहज शक्य होते.

दुसरा प्रवाह अनन्यतेचा आहे. 'शास्ते' या ग्रंथात गिदोनाला राज्यपद देऊ केले असता तो ते नाकारतो. लोकांवर परमेश्वरच राज्य करील, असे त्याचे उत्तर आहे. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात इस्राएली लोक इतर राष्ट्रांप्रमाणे आपल्यालाही राजा हवा, असा आग्रह धरतात, तेव्हा परमेश्वर त्या मागणीला स्वतःचा अव्हेर समजतो. येथे ईश्वर राजा आहे, म्हणूनच माणूस राजा होऊ शकत नाही. ज्या विधानातून पहिला प्रवाह राजाची प्रतिष्ठा सिद्ध करतो, त्याच विधानातून दुसरा तिचा निषेध काढतो.

प्रकटीकरणाच्या ग्रंथातील 'राजांचा राजा' ही ख्रिस्ताची पदवी या दुहेरीपणाचे उत्तम उदाहरण आहे. षष्ठीचा हा प्रयोग 'राजाधिराज'सारखा घेतला, तर खालचे राजे आपापल्या जागी शाबूत राहतात. वर आणखी एक सम्राट येतो, इतकेच. तोच प्रयोग सर्व राजांना निरस्त करणारा म्हणून घेतला, तर खाली कोणी उरतच नाही. व्याकरण दोन्ही अर्थांना वाट देते. निवड वाचकाच्या राजकारणावर सोपविलेली असते. सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये ही निवड जिवावरची होती. दानीएलाच्या ग्रंथातील चार साम्राज्यांनंतर ख्रिस्ताचे पाचवे राज्य येणार, अशी श्रद्धा असलेल्या पंथीयांनी जानेवारी १६६१ मध्ये लंडनमध्ये सशस्त्र उठाव केला आणि त्यांच्या नेत्याला, टॉमस व्हेनरला, फाशी झाली.

मिल्टन सशस्त्र पंचमराज्यवादी नव्हता. परंतु ख्रिस्त हा लवकरच येणारा राजा असून तो पृथ्वीवरील जुलमी सत्तांचा अंत करील, ही अपेक्षा त्याच्या १६४१ च्या पहिल्या धार्मिक पुस्तिकेतच आढळते. १६५१ मध्ये सॅल्मेशियस या फ्रेंच पंडिताशी झालेल्या वादात शमुवेलाचा आठवा अध्याय हाच कळीचा मुद्दा ठरला. राजा तुमची मुले, शेते व कळप घेईल, हे तेथील वर्णन सॅल्मेशियसने राजाचा अधिकार म्हणून वाचले. मिल्टनने ते राजांच्या गैरवर्तनाची पूर्वसूचना म्हणून वाचले.

३

महाकाव्यात या भूमिकेचे सर्वांत स्पष्ट उच्चारण बाराव्या सर्गात होते. (१६६७ च्या दहा सर्गांच्या आवृत्तीत हा भाग शेवटच्या, दहाव्या सर्गात होता, १६७४ मध्ये काव्याचे बारा सर्ग झाले.) मायकेल हा देवदूत आदामाला मानवाचा भावी इतिहास सांगत आहे. बंधुभावाने राहणाऱ्या कुळांवर निम्रोद आपली सत्ता लादतो, हे ऐकताच आदाम संतापतो. त्याचे म्हणणे असे, की ईश्वराने माणसाला पशू, पक्षी व मासे यांवर स्वामित्व दिले, पण माणसाला माणसाचा स्वामी केले नाही. ती पदवी त्याने स्वतःसाठी राखून ठेवली.

उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात निम्रोद हा केवळ एक पराक्रमी शिकारी व राज्यसंस्थापक आहे. आदामाचा हा उद्गार तेथे नाही. तो मिल्टनने घातलेला आहे. त्यातील 'राखून ठेवणे' ही कल्पना महत्त्वाची आहे. प्रतिमा अनेक असू शकतात, राखीव हक्क एकाचाच असतो. राजा ही पदवी अशा प्रकारे राखीव असेल, तर पृथ्वीवरील राजा ईश्वराचा प्रतिनिधी राहत नाही, त्याच्या पदवीचा अपहार करणारा ठरतो. जेम्सच्या युक्तिवादाचा पायाच येथे काढून घेतला जातो. राजेशाही पुन्हा स्थापन झालेल्या, मिल्टनची राजविरोधी पुस्तके १६६० मध्ये जाहीरपणे जाळून झालेल्या देशात हे लिहिले गेले, हेही लक्षात ठेवावयास हवे.

४

उद्गार एखाद्या पात्राचा असू शकतो. काव्याची खरी भूमिका त्याच्या प्रतिमाव्यवस्थेतून कळते. या दृष्टीने मुकुट आणि राजदंड या चिन्हांचा प्रवास पाहणे उद्बोधक ठरते.

त्याचा आरंभ काव्याबाहेर आहे. चार्ल्सच्या वधानंतर लगेच त्याच्या नावावर 'आयकॉन बॅसिलिकी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी त्याच्या तीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या. विल्यम मार्शलने कोरलेल्या त्याच्या मुखचित्रात गुडघे टेकून प्रार्थना करणारा चार्ल्स दिसतो. त्याच्या पायाशी ऐहिक मुकुट आहे, हातात काट्यांचा मुकुट आहे आणि दृष्टी वर दिसणाऱ्या स्वर्गीय मुकुटाकडे आहे. तीन मुकुट एका रेषेत बांधून हे चित्र राजाला थेट ख्रिस्ताच्या जागी नेऊन बसविते. शासनाच्या आज्ञेवरून मिल्टनने 'आयकोनोक्लास्टीस' हे उत्तर लिहिले आणि त्यात या चित्राची राजदरबारी करमणुकीतील देखावा म्हणून संभावना केली. पण चित्र जिंकले होते, युक्तिवाद हरला होता.

'पॅरडाइज लॉस्ट' हे त्या चित्राला दिलेले विलंबित उत्तर म्हणून वाचता येते. दुसऱ्या सर्गाच्या आरंभी उंच सिंहासनावर बसलेला राजा आहे तो सैतान. समानांच्या सभेचा देखावा करून तो चर्चा घडवितो. प्रत्यक्षात निर्णय आधीच ठरलेला असतो आणि बीएल्झेबब तो त्याच्या वतीने मांडतो. पृथ्वीवर जाण्याची जोखीम सैतान स्वीकारतो आणि दुसरा कोणी पुढे येण्याआधीच उठतो. सभा त्याच्यापुढे देवापुढे वाकावे तशी वाकते. समतेची भाषा अशा रीतीने लोटांगणात संपते. याच सर्गात नरकाच्या दाराशी मृत्यू भेटतो. त्याला धड आकार नाही; जे डोके असल्यासारखे वाटते, त्यावर राजमुकुटासारखे काही तरी आहे. राजसत्तेची यापेक्षा मर्मभेदक प्रतिमा मिल्टनच्या गद्यातही नाही : आभासी मस्तकावर आभासी मुकुट.

तिसऱ्या सर्गातील स्वर्गसभा या सभेला समांतर रचलेली आहे. मानवासाठी प्राण कोण देईल, असे विचारले असता स्वर्ग निःशब्द होतो आणि पुत्र पुढे येतो. सैतान सिंहासन बळकट करण्यासाठी निघतो, पुत्र सिंहासन सोडण्यासाठी. पुत्राचे पद जन्मापेक्षा गुणाने सिद्ध झाले, असे ईश्वर म्हणतो. वंशपरंपरागत राजेशाहीवर याहून मोठा आघात खुद्द स्वर्गातून होणे कठीण. त्यानंतर देवदूत आपापले मुकुट काढून सिंहासनापुढे ठेवतात. पण सर्वांत महत्त्वाचे वाक्य त्याआधी येऊन गेलेले आहे. अंतिम न्यायानंतर पुत्र राजदंड बाजूला ठेवील, कारण त्याची गरज उरणार नाही आणि ईश्वर सर्वांत सर्व होईल. आधार करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाचा आहे. पण पौल राज्य पित्याच्या स्वाधीन केल्याचे सांगतो, तर मिल्टन राजदंड अनावश्यक झाल्याचे सांगतो. स्वतःच्या समाप्तीकडे जाणारे राजेपण हे निम्रोदाच्या राजेपणाचे मोठे रूप असू शकत नाही. १६७१ च्या 'पॅरडाइज रीगेन्ड'मध्ये येशू राज्ये नाकारतो आणि सोन्याच्या मुकुटातच काटे पाहतो, तेव्हा मार्शलच्या चित्रातील तीन मुकुटांची रेषा पूर्ण तुटते.

५

एवढ्यावर थांबणे मात्र काव्यावर आणि एम्पसनवरही अन्याय करणारे होईल. राजदंड ठेवला जाईल ही भविष्यकाळातील गोष्ट आहे. काव्याच्या वर्तमानात राजदंड चालतो. पाचव्या सर्गात पुत्राच्या राज्याभिषेकाची घोषणा दुसऱ्या स्तोत्राच्या भाषेत, आज्ञाभंगाच्या शिक्षेसह होते. मिल्टनने १६५३ मध्ये या स्तोत्राचे भाषांतर केले होते. पृथ्वीवरील राजांची खटपट पाहून हसणारा परमेश्वर त्याला परिचित होता. परंतु स्तोत्रात ते हसू राजांविरुद्ध आहे, काव्यात ते बंडखोराविरुद्ध आहे. अनन्यतेची भूमिका कितीही शुद्ध असली, तरी ईश्वराचे राजेपण दाखवावयाचे म्हणजे सिंहासन, दरबार, सैन्य यांचीच चित्रे वापरावी लागतात, आणि ती पृथ्वीवरूनच आणावी लागतात. संकल्पना सादृश्य नाकारते, रूपक ते पुन्हा आत आणते.

दुसरी मर्यादा मायकेलच्या उत्तरात आहे. आदामाचा संताप तो योग्य ठरवितो, पण लगेच सांगतो की पतनानंतर माणसाने विवेकाचे आंतरिक स्वातंत्र्य गमावले, म्हणून ईश्वर त्याला बाह्य जुलमाच्या हाती देतो. जुलमी मात्र त्यामुळे निर्दोष ठरत नाही. पराभूत क्रांतिकारकाचे हे कटू आत्मपरीक्षण समजण्याजोगे आहे. परंतु त्याच ओघात नोहाच्या शापित पुत्राच्या वंशाची गुलामगिरीही दाखला म्हणून येते. माणसाला माणसाचा स्वामी केले नाही, हे सूत्र अवघ्या काही ओळींत आकुंचित होते. हव्वेच्या बाबतीत तर ते लागूच होत नाही. चौथ्या सर्गात आदाम ईश्वरासाठी आणि ती आदामातील ईश्वरासाठी घडविलेली आहे. राष्ट्रातून हाकलून दिलेले सादृश्य कुटुंबात सुखाने नांदते.

तिसरी मर्यादा भारतीय वाचकाला अधिक जाणवेल. सैतानाच्या सिंहासनाचे ऐश्वर्य होर्मुझ आणि हिंदुस्थान यांच्या संपत्तीशी ताडून दाखविलेले आहे, तर पहिल्या सर्गात त्याला सुलतान म्हटले आहे. व्हाइटहॉलमधील राजसत्तेवरचा राग येथे पूर्वेच्या दरबाराची वस्त्रे घालून येतो. लंडनच्या परीक्षकाची कात्री चुकविण्यासाठी हे सोयीचे असेल. पण निरंकुशतेचे मूळ गाव पूर्वेकडे आहे, या युरोपीय समजुतीला त्यामुळे बळही मिळते.

६

या मर्यादांमुळे मिल्टनची भूमिका खोटी ठरत नाही. तिची किंमत कळते. ईश्वराच्या राजेपणावरील श्रद्धा सत्तेला नमविते की सत्तेपुढे नमावयास लावते, हे त्या श्रद्धेतून आपोआप निष्पन्न होत नाही. विसाव्या शतकातही दोन्ही वाटा वापरल्या गेल्या. अकराव्या पायस पोपने १९२५ मध्ये ख्रिस्तराजाचा सण सुरू केला, तेव्हा राज्यकर्त्यांनी ख्रिस्ताचे प्रभुत्व जाहीरपणे मान्य करावे, अशी त्याची अपेक्षा होती. शासन त्या प्रभुत्वाखाली आपल्या जागी राहणार होते. १९३४ मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंटांनी ख्रिस्ताखेरीज दुसरा प्रभू चर्चला नाही, असे घोषित केले. नाझी राजवटीत त्या 'दुसरा नाही'चा अर्थ सर्वांना कळला. एक विधान सत्तांची उतरंड मानते, दुसरे तिच्यापुढे नकार उभा करते.

आपल्याकडील अभ्यासक्रमांत पुष्कळदा 'पॅरडाइज लॉस्ट'चे पहिले एक-दोन सर्गच नेमले जातात. तेवढेच वाचणाऱ्या विद्यार्थ्याला सैतान क्रांतिकारक आणि ईश्वर जुलमी वाटला, तर नवल नाही. तिसऱ्या सर्गातील खाली ठेवलेले मुकुट आणि बाराव्या सर्गातील आदामाचा संताप त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. हे सर्ग वाचल्यानंतरही एम्पसनचा आक्षेप शिल्लक राहील. परंतु तो आक्षेप ज्या स्वातंत्र्याच्या नावाने घ्यावयाचा, त्या स्वातंत्र्याचा सर्वांत धारदार युक्तिवाद सैतानाच्या सभेत नसून निम्रोदाची हकिकत ऐकणाऱ्या आदामाच्या तोंडी आहे, हे तरी वाचकाला ठाऊक असेल.