कोड मोकळा, नाव राखीव : फायरफॉक्स आणि डेबियन

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना सांगतो : कोड घ्या, बदला, वाटा. नावाचा हक्क मात्र तो देत नाही, आणि वाद तिथंच पेटतो.

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स डिस्ट्रो. ती फायरफॉक्स वाटायची, पण कोल्ह्याच्या चित्राशिवाय. कारण त्या चित्राचा कॉपीराइट परवाना मुक्त नव्हता. २००६ साली मोझिलाने बजावलं : नाव हवं तर चित्रही घ्या, आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. डेबियनने नावच सोडलं. आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा दिसणारा वीझल : 'आइसवीझल'. थट्टा झकास होती.

पुष्कळांनी हे चित्राचं भांडण मानलं. आम्हाला ते पटत नाही. खरी अडचण दुरुस्तीची होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुनाच ब्राउझर ठेवून फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या घालायची पद्धत होती. मोझिलाने त्या आवृत्तीकडे लक्ष देणं थांबवलं, तरी डेबियनला ते काम करावंच लागे. मग भोक बुजवायला परवानगीची वाट बघायची? कोडच्या परवान्याने दिलेला हक्क ट्रेडमार्कने मागच्या दाराने काढून घेतला, असं आमचं मत आहे.

मोझिलाची भीतीही पोकळ नव्हती. फायरफॉक्सच्या नावाखाली कुणी हेरगिरीचा ब्राउझर खपवला, तर फसतो वापरणाराच. आणि गंमत बघा, बदललेल्या प्रतीला वेगळं नाव देण्याची अट डेबियनच्या स्वतःच्या मार्गदर्शक तत्त्वांतल्या कलम ४ ला चालते! पण कलम ८ म्हणतं, हक्क एकट्या डेबियनपुरते नकोत. खास सवलत घेऊन गप्प बसलं असतं, तर डेबियनवरून पुढे डिस्ट्रो बनवणाऱ्यांनी काय करायचं?

२०१६ मध्ये नाव परत आलं. तोवर चित्राचा परवाना मोकळा झाला होता, आणि डेबियनच्या बदलांनी दर्जा बिघडत नाही हे मोझिलाने मानलं. एवढ्याला दहा वर्षं लागली! तरी ही दोघांतली समजूत; नियम जागेवरच आहे. उद्या आपण एखाद्या शाळेसाठी फायरफॉक्सचा कोड बदलून वाटायचं ठरवलं, तर नावासाठी मोझिलाला विचारावं लागेल, नाहीतर नवं नाव शोधावं लागेल. डेबियनपाशी लौकिक होता, आपल्यापाशी कुठला? आणि नवं नाव दिलं की शाळेतले शिक्षक पहिल्याच दिवशी विचारणार, "अहो, यात फायरफॉक्स कुठे दिसत नाही?"

पुढच्या वेळी रेड हॅट आणि सेंटओएस घेऊ. तिथे रेड हॅटची चिन्हं काढूनच सगळं पुन्हा बांधलं होतं.