गळा तिथंच होता

आमच्या कमलनगरात सून घरात आली की तिची पेटी माळ्यावर जाते. माझीही गेली होती. त्यामुळे एखादी बाई साठीला पुन्हा गायला लागली असं कळलं, की मी आधी तिचं गाणं शोधते.

यमुनाबाई वाईकरांची लावणी मी अशीच ऐकली. खरं सांगते, आधी संकोच वाटला. लावणी आपल्यासारख्या घरांत, तीही बायकांनी, ऐकायची नसते ना! यमुनाबाई 1915 च्या, कोल्हाटी समाजातल्या. लहानपणी आईकडून गाणं शिकल्या, पुढे बहिणींना घेऊन स्वतःचा फड उभा केला. 1948 च्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली आणि नावारूपाला आलेली ही बाई मागे पडली. पुन्हा लोकांच्या नजरेत आल्या त्या 1975 साली, साठीला टेकल्यावर.

त्यांची बैठकीची लावणी ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली. यात गाणारी बसून गाते. एकच ओळ पुन्हापुन्हा घेते आणि दर वेळी डोळे, भुवया, हात निराळं बोलतात. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसती थट्टा. इथं पायांचा वेग कामाचा नाही, सोसलेलं कामाला येतं. म्हणून त्यांचं उतारवयातलं गाणं मला कुठंच उणं वाटत नाही. ओळ सोडायची त्यांना घाईच नसते.

लेकीनं परवा अमेरिकेतल्या अल्बर्टा हंटरचं गाणं ऐकवलं. ही ब्लूज गाणारी, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं दुःखाचं आणि थट्टेचं गाणं. आई गेल्यावर 1950 च्या दशकात तिनं गाणं सोडलं, वीसेक वर्षं नर्सचं काम केलं आणि 1977 साली, वयाच्या 82 व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये पुन्हा गायला लागली. पण तिनं गाणं आपणहून सोडलं होतं. यमुनाबाईंची तर बैठकच मोडली गेली. दोघींनाही नुसतं ‘जिद्दी’ म्हटलं, की बैठक मोडणारे अलगद सुटतात.

‘या वयातही किती छान गातात’ हे कौतुकही मला म्हणून खटकतं. गळा तिथंच होता, ऐकणारे उठून गेले होते. 1995 साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आला, 2012 साली पद्मश्री. 2018 मध्ये, 102 वर्षांच्या होऊन, त्या वाईत गेल्या. मान मिळाला, पण मधली सत्तावीस वर्षं कोण परत देणार?

माझी पेटी मी खाली काढली. भात्याला भोकं पडलीत, उदगीरला दुरुस्तीला दिलीय. बायांनो, तुमच्या घरी सून येईल, तेव्हा तिची पेटी माळ्यावर चढू देऊ नका. बैठकीत ठेवा, आणि संध्याकाळी तिच्यापाशी घटकाभर बसा.