शब्दाचा धातू आणि वाक्याचे तात्पर्य : बायबलच्या अर्थनिर्णयासंबंधी जेम्स बार यांचे विवेचन

धर्मग्रंथाचा अर्थ लावताना शब्दाची व्युत्पत्ती कितपत प्रमाण मानावी, हा प्रश्न भारतीय शास्त्रपरंपरेस नवा नाही. यौगिक अर्थ आणि रूढ अर्थ यांत विरोध आला असता रूढ अर्थच बलवत्तर, असा निर्णय मीमांसकांनी पूर्वीच देऊन ठेवला आहे. ‘कुशल’ म्हणजे कुश उपटून आणणारा, ही व्युत्पत्ती अभ्यासकांस ठाऊक असते; परंतु कुशल वैद्याच्या हाती कोणी दर्भ शोधीत नाही. ख्रिस्ती धर्मग्रंथांच्या अभ्यासात मात्र हा विवेक विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक नामवंत विद्वानांकडूनही पाळला जात नव्हता. तो भाषाशास्त्राच्या आधारे त्यांच्यापुढे ठामपणे मांडण्याचे श्रेय जेम्स बार (१९२४–२००६) या स्कॉटिश पंडिताने बायबलच्या भाषेतील अर्थविचारावर लिहिलेल्या आणि १९६१ साली ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथास द्यावे लागते.

बार यांच्या टीकेचा रोख मुख्यतः दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे हिब्रू मन आणि ग्रीक मन यांत भाषेच्या घडणीवरून भेद करण्याची पद्धती. थोर्लीफ बोमान यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात हिब्रू विचार गतिमान आणि ग्रीक विचार स्थितिशील ठरविला, व त्यास क्रियापदांच्या स्वरूपाचा आधार दिला. दुसरी गोष्ट म्हणजे गेरहार्ड किटेल यांच्या संपादकत्वाखाली १९३३ पासून निघू लागलेला नव्या कराराचा बृहत्कोश. त्यात एकेका ग्रीक शब्दाखाली त्या शब्दाचा नव्हे, तर त्याच्याशी निगडित अशा संपूर्ण धर्मकल्पनेचा इतिहास दिला जातो. आणि वाचकास मात्र तो सर्व इतिहास म्हणजे शब्दाचा अर्थच आहे असे वाटू लागते.

पहिल्या पद्धतीतील दोष मराठी वाचकास स्वभाषेवरून सहज कळण्याजोगा आहे. हिब्रूतील ‘दाबार’ या शब्दाने उक्ती आणि वस्तू असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. त्यावरून हिब्रू मनास शब्द आणि घटना ही अभिन्न वाटत होती, असा सिद्धान्त काढण्यात आला. मराठीतील ‘गोष्ट’ या शब्दाचीही हीच स्थिती आहे. आजी गोष्ट सांगते, आणि दुकानदाराकडून चार गोष्टी विकतही आणता येतात. म्हणून मराठी माणसास कथा आणि वस्तू यांतील भेद कळत नाही, असे कोणी म्हणणार नाही. शिवाय ‘गोष्ट’ हा शब्द ‘गोष्ठी’वरून व ती ‘गोष्ठ’ म्हणजे गोठा या शब्दावरून आलेली आहे. धातूवरून धर्मतत्त्व काढणाऱ्यांची रीत येथे लावली, तर प्रत्येक कथेच्या मुळाशी गोठा कल्पावा लागेल. व्याकरणाची साक्षही तितकीच फसवी असते. संस्कृतात पत्नीवाचक ‘दार’ शब्द पुल्लिंगी आणि नित्य बहुवचनी आहे. त्यावरून प्राचीन भारतीयांच्या विवाहसंस्थेविषयी अनुमान काढणे हास्यास्पद होईल.

दुसऱ्या दोषाचे बार यांनी दिलेले उदाहरण ‘एक्लेसिया’ या शब्दाचे आहे. ‘बाहेर’ आणि ‘बोलावणे’ या दोन घटकांवरून हा शब्द सिद्ध होतो. म्हणून ‘जगातून बाहेर बोलावलेल्यांचा समुदाय’ असा अर्थ प्रवचनकार सांगत आले. प्रत्यक्षात अथेन्समधील नागरिकांच्या सभेस हाच शब्द होता. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस येथे पौलाच्या विरोधात जमलेल्या गोंधळी जमावासही तोच योजिला आहे. त्याहून सूक्ष्म प्रमाद असा की, ही सभा ख्रिस्ताचे शरीर आहे, ती त्याची वधू आहे, अशी जी विधाने वेगवेगळ्या ठिकाणी येतात, त्यांची बेरीज करून ती सर्व एकेका स्थळी त्या शब्दावर लादावयाची. शब्दाविषयी केलेली विधाने ही शब्दाचा अर्थ नव्हेत, हा भेद बार यांनी निःसंदिग्धपणे दाखविला. त्यांच्या मते धर्मविचाराचे वाहन शब्द नसून वाक्य, आणि वाक्याहून मोठा संदर्भ होय.

या तत्त्वाची कसोटी योहानाच्या शुभवर्तमानातील एकविसाव्या अध्यायावर घेऊन पाहण्यासारखी आहे. येशू पेत्राला तीन वेळा प्रेमाविषयी विचारतो. पहिल्या दोन प्रश्नांत ‘अगापाओ’ आणि तिसऱ्यात ‘फिलेओ’ हे क्रियापद आहे. पेत्राची उत्तरे तिन्ही वेळा ‘फिलेओ’ने दिलेली आहेत. पहिले दैवी प्रेम, दुसरे मानवी स्नेह, असा भेद करून या संवादावर अनेकांनी मोठी इमारत उभारली आहे. परंतु याच शुभवर्तमानात पित्याचे पुत्रावरील प्रेम तिसऱ्या अध्यायात पहिल्या क्रियापदाने, तर पाचव्यात दुसऱ्याने सांगितले आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात अम्नोनाच्या तामारेवरील पापी वासनेलाही पहिलेच क्रियापद लावलेले आढळते. शिवाय त्याच संवादात कोकरे आणि मेंढरे, चारणे आणि पाळणे असेही शब्द पालटले आहेत. तेव्हा हा पालट लेखकाच्या शैलीचा भाग मानणेच अधिक सयुक्तिक ठरते. संवादाचे सामर्थ्य तीन वेळा नाकारणाऱ्यास तीन वेळा विचारले जाण्यात आहे. ते कोशातून नव्हे, कथेच्या रचनेतून प्रकट होते.

बार यांचे विवेचन सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. ते प्राधान्येकरून खंडनात्मक आहे. दोष दाखविल्यानंतर संदर्भाचे विश्लेषण कोणत्या क्रमाने करावे, याचे मार्गदर्शन त्यात अल्प मिळते. व्युत्पत्तीचा उपयोग मुळीच नाही असा समजही त्यातून होण्याचा संभव आहे. जुन्या करारात, विशेषतः ईयोबाच्या पुस्तकात, एकदाच येणारे अनेक शब्द आहेत. त्यांसाठी अरबी, अरामी इत्यादी भगिनीभाषांचे साहाय्य घेण्यावाचून गत्यंतर नसते. बार यांनी १९६८ साली याच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्या साहाय्याच्या मर्यादा दाखविल्या. तात्पर्य, जेथे प्रयोग उपलब्ध नाहीत तेथे व्युत्पत्ती हे अनुमानाचे साधन आहे; जेथे प्रयोग विपुल आहेत तेथे ती साक्ष देण्यास अपात्र आहे.

मराठीच्या दृष्टीने या विवेचनाचे महत्त्व विशेष आहे. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोच वापरला. उलट पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या आणि १९२४ साली संपूर्ण रूपाने निघालेल्या भाषांतरात हिंदू धर्मकल्पनांशी निगडित शब्द कटाक्षाने टाळले. हा आग्रह व्युत्पत्तिवादाचाच प्रकार होय, असे वरवर पाहणारास वाटेल. पण ते यथार्थ नव्हे. रमाबाईंपुढे शब्दाचे प्राचीन मूळ नव्हते; श्रोत्याच्या मनात तो शब्द त्या काळी कोणते साहचर्य जागे करतो, हा प्रश्न होता. साहचर्य ही प्रचलित व्यवहारातील वस्तुस्थिती आहे आणि भाषांतरकाराने तिचा विचार केलाच पाहिजे. स्टीफन्स यांची निवडही त्याच न्यायाने तपासावी लागेल : त्यांच्या ओवीच्या संदर्भात ‘वैकुंठ’ शब्द नवा अर्थ धारण करतो की नाही, एवढेच पाहावयाचे.

उपक्रम, उपसंहार, अभ्यास इत्यादी लिंगांवरून ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याची मीमांसकांची पद्धती लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) गीतेस लावून दाखविली. बार यांचा मार्ग स्वतंत्रपणे त्याच दिशेस येऊन मिळतो. बायबलचा अभ्यासक श्रद्धावान असो वा नसो, ग्रंथाने काय म्हटले आहे हे ऐकण्यापूर्वी त्याच्या शब्दांत आपले मत घालण्याचा अधिकार त्यास नाही. धातूंच्या आधारे कोणताही सिद्धान्त कोणत्याही वचनातून काढता येतो. आणि जे कोणत्याही वचनातून निघते, ते त्या वचनाचे म्हणणे नव्हे.