बोललेला आणि उरलेला
विल्यम कार्लटनच्या ‘वाइल्डगूज लॉज’ या कथेतला ‘मी’ मला अस्वस्थ करतो. १८१६ साली आयर्लंडच्या लाउथ परगण्यात लिंचचे घर माणसांसकट जाळले गेले. आठ जण मेले. घरात घुसलेल्या टोळीविरुद्ध लिंचने कोर्टात साक्ष दिली होती. रॉबर्ट पीलने १८१४ सालीच अशांत भागांसाठी पोलीसदल उभारले होते. ते या साक्षीदाराला वाचवू शकले नाही. कार्लटनने स्वतः पाहिले ते फाशीनंतर टांगलेले म्होरक्याचे प्रेत. कथा मात्र त्याने जाळणाऱ्यांतल्याच एकाच्या तोंडी घातली. हा ‘मी’ शहारतो, पण आग अडवत नाही. बोललेला जळाला, गप्प राहिलेला कथा सांगायला उरला. त्या मुलखातली दहशत मला इथेच कळते.