मोकळा रस्ता कुणासाठी मोकळा?

आमच्या गावाच्या वरच्या अंगाने पाट जातो. सरकारी कागदावर त्याचं नाव प्रवरेचा डावा कालवा, पण श्रीरामपूर तालुक्यात सगळे त्याला पाटच म्हणतात. भंडारदऱ्याचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून वळून इथपर्यंत येतं. आवर्तन चालू असलं की पाट काठोकाठ भरलेला, नसलं की तळाशी हिरवट डबकी. त्याच्या भरावावरून मुरमाचा एक रस्ता जातो. पाटकऱ्याला पाण्यावर लक्ष ठेवत फिरता यावं म्हणून केलेला. कुठे रुंद, कुठे वेड्या बाभळींनी अडवलेला. पुण्याहून सुट्टीला आलो की मी याच रस्त्याने सायकल चालवतो.

हे शौकातून सुरू झालेलं नाही. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत, अंधार पडता पडता, डांबरी रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरने मला साइडपट्टीच्या खाली ढकललं. मागच्या ट्रॉलीला ना दिवा होता, ना रिफ्लेक्टर. बाहेर आलेले ऊस खांद्याला खरवडून गेले. हाड मोडलं नाही एवढंच. त्याच हंगामात मामाने मामेबहिणीची शाळेची सायकल बंद केली. मी म्हणालो, "पाटाने जाऊ दे ना, तिथे गाड्या नसतात." मामा म्हणाला, "गाड्या नसतात म्हणूनच नको. एकटी पोरगी पाटाने कशी पाठवायची?"

या उत्तरामुळे मला तीन सिनेमे पुन्हा बघावे लागले. त्यातले दोन मराठी, एक फ्रेंच. तिन्हींत सायकल आहे आणि तिन्हींत रस्ता आहे. सायकलवाल्याला रस्ता मोकळा मिळतो म्हणजे नेमकं काय होतं, याची तिन्हींची उत्तरं मात्र वेगळी आहेत.

आधी फ्रान्स, कारण कालव्याकाठच्या सायकलवाटांचे फ्रेंच व्हिडिओ तुमच्याही फोनवर येत असणार. दोन्ही बाजूंना झाडं, शेजारी संथ पाणी, एकही मोटार नाही. हे निसर्गाने दिलेलं नाही. कानाल द्यु मिदी हा २४० किलोमीटरचा कालवा सतराव्या शतकात मालवाहतुकीसाठी खोदला. त्याच्या काठची वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी होती. बर्गंडीतली गिव्री ते क्लुनी ही ४४ किलोमीटरची वाट १९९७ मध्ये सुरू झाली, ती बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर. २००४ पासून अशा वाटांना तिथल्या वाहतूक कायद्यात स्वतंत्र जागा आहे. मोटारींना बंदी, पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांना मुभा. म्हणजे आज जो रस्ता रम्य दिसतो, तो आधी राबणाऱ्यांचा होता. त्याचं रिकामेपण नंतर कुणीतरी ठरवून, फलक लावून, खांब रोवून आणि दरवर्षी डागडुजी करून टिकवलेलं आहे.

ही गोष्ट झाक तातीच्या 'झूर द फेत' (१९४९) या सिनेमात उलट्या बाजूने दिसते. मध्य फ्रान्समधलं लहानसं गाव, जत्रेचा दिवस, आणि फ्रांस्वा नावाचा पोस्टमन. ही भूमिका खुद्द तातीने केली आहे. फ्रांस्वा पत्रं वाटायला निघतो आणि जो तो त्याला थांबवतो. कुणी पेला पुढे करतं, कुणी कामाला जुंपतं. मग जत्रेतल्या तंबूत तो अमेरिकन टपालसेवेवरची फिल्म बघतो आणि त्याला वेगाचं वेड लागतं. धावत्या ट्रकच्या मागच्या फळीला लटकून, तिचंच टेबल करून तो पत्रांवर शिक्के मारतो. शर्यतीतल्या सायकलपटूंना मागे टाकतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हसता हसता मला थोडं लागलंही. माझं निम्मं आयुष्य सेकंद वाचवण्यात जातं. नकाशाचं ॲप मला दर वेळी डांबरी रस्त्यावर पाठवतं, कारण त्याच्या हिशेबात रस्त्याची किंमत मिनिटांत मोजली जाते. तातीने दाखवलंय की मिनिटं वाचली की माणसं गळतात. वेगाने जाणाऱ्या फ्रांस्वाशी कुणाला बोलताच येत नाही. शेवटी तो सायकल सोडून कापणीला हात लावतो आणि टपालाची पिशवी एक पोरगा घेऊन पळतो. मोकळा रस्ता म्हणजे ज्यावर थांबता येतं तो रस्ता, असं ताती सांगतो.

प्रकाश कुंटे यांच्या 'सायकल'ने (२०१८) हेच कोकणात मांडलं. जुना काळ, मोटारींची वर्दळ अजून न पोहोचलेली गावं. केशव ज्योतिषी (हृषीकेश जोशी) आजोबांकडून आलेल्या पिवळ्या सायकलला जिवापाड जपतो. दोन चोर (भाऊ कदम आणि प्रियदर्शन जाधव) ती पळवतात. पण सायकल पंचक्रोशीत ओळखीची आहे. चोर जातील तिथे लोक ती ओळखतात आणि केशवची माणसं समजून त्यांचं आगतस्वागत करतात. फसवायला निघालेली दोघं पाहुणचाराने बदलत जातात. इकडे केशवलाही वस्तूवरची पकड सैल करावी लागते.

हा सिनेमा मला आवडतो. सायकलचा वेग तो बरोबर ओळखतो. मोटारीत बसलेल्या चोरांना कुणी "कुठले पाव्हणं?" असं विचारलं नसतं. चांगुलपणा व्हायला आधी माणसं हाकेच्या अंतरावर यावी लागतात, आणि ते अंतर कुंटे यांच्या रस्त्यावर आहे. पण दुसऱ्यांदा बघताना एक गोष्ट खटकली. स्वागत त्या दोघांचं होत नाही, केशवच्या सायकलचं होतं. सायकल म्हणजे ओळखपत्र. ती बिनओळखीची असती, किंवा गावाने जवळ करू नये अशा घरातली असती, तर? हा प्रश्न सिनेमा विचारत नाही. तो आपल्याला मागच्या काळात नेतो, सुंदर रस्ता दाखवतो आणि त्यावर कुणालाच अडवत नाही. इथे तो पर्यटनाच्या माहितीपत्रकाच्या फार जवळ जातो.

त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याआधीच येऊन गेलं होतं, आणि तेही आमच्या जिल्ह्याच्या गोष्टीत. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) नगरजवळच्या अकोळनेर गावात घडतो. सायकलचा सिनेमा म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. तिला त्यात थोडीच मिनिटं मिळतात. कैकाडी घरातला जब्या (सोमनाथ अवघडे) शाळेतल्या शालूवर जीव टाकतो. त्याला जीन्स हवी आहे, त्यासाठी पैसे हवेत. सायकलचं दुकान चालवणारा चंक्या (ही भूमिका मंजुळे यांनी स्वतः केली आहे) त्याला सायकल देतो. तिच्यावरून गारेगार विकून तो पैसे साठवायला बघतो. आणि सायकल एका मोठ्या वाहनाखाली चिरडली जाते. जीन्सचा हिशेब तिथेच मोडतो.

आता दोन्ही मराठी सिनेमे शेजारी ठेवा. दोन्हींत सायकल दुसऱ्याची आहे. एकात ती चोरलेली आहे आणि चोरांना ताटं वाढली जातात. दुसऱ्यात ती विश्वासाने दिलेली आहे आणि घेणाऱ्याच्या हाती चेपलेलं लोखंड उरतं. कुणी म्हणेल हा निव्वळ अपघात. गाडीला जात नसते. बरोबर आहे, गाडीला नसते. पण रस्त्याच्या कडेला सायकल घेऊन कुणाला उभं राहावं लागतं, आणि सायकल गेली की कुणाला दुसरी घेता येत नाही, हे अपघाताने ठरत नाही.

मंजुळे तिथेही थांबत नाहीत. काळ्या चिमणीच्या मागे बेचकी घेऊन जब्या माळावर भटकतो तेव्हाच तो खरा मोकळा दिसतो, कारण तिथे त्याला बघायला कुणी नाही. गावात आला की कुणीतरी हाक मारून त्याला डुकराच्या कामाला लावायला बघतं. शेवटी शाळेजवळ डुकराचा पाठलाग चालू असताना अख्खं गाव तमाशा बघावा तसं बघतं. तिथे वाहनांची गर्दी नाही, नजरांची आहे. 'सायकल'मध्ये गावाची नजर पाहुण्याला घरात घेते. 'फँड्री'त तीच नजर पोराला रस्त्यावर उघडं पाडते. म्हणून थोडक्या मिनिटांच्या सायकलीनिशी 'फँड्री' मला अधिक खरा सायकल-सिनेमा वाटतो.

इथे मला मामाचं वाक्य कळलं. मोकळ्या रस्त्याचे दोन अर्थ आहेत: ज्यावर वाहन नाही तो, आणि ज्यावर आपल्याला कुणी अडवणार नाही तो. पहिला अर्थ खांब रोवून साधता येतो, तो फ्रान्सने साधला. दुसरा खांबांनी साधत नाही. पाटाचा रस्ता पहिल्या अर्थाने बराच मोकळा आहे. दुसऱ्या अर्थाने तो माझ्यासाठी मोकळा आहे, माझ्या मामेबहिणीसाठी नाही. हेल्मेट घालून, महागड्या सायकलवर बसलेल्या मला पाटकरी विचारतो, "पुण्याचे का?" आणि बाजूला होतो. माझी सायकलही ओळखपत्रच आहे, केशवच्या सायकलीसारखी.

म्हणून 'आपल्याकडे असे रस्ते का नाहीत' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. रस्ते आहेत. भराव आहे, पाणी आहे, सावलीही आहे. पाटाची वाट उद्या गुळगुळीत केली, मोटारसायकली रोखायला खांब लावले, तर ते मला हवंच आहे. पण त्या वाटेने ऊसही बाहेर निघतो. पाटकडेच्या शेतकऱ्याला बाजूला सारून ती सुट्टीवर आलेल्या माझ्यासारख्यांना दिली, तर तो माहितीपत्रकातलाच रस्ता होईल. त्या वाटेची परीक्षा शाळा सुटल्यावर आहे. एकटी मुलगी तिच्यावरून घरी येते का? गारेगार विकणारा पोरगा तिच्यावर थांबू शकतो का?

गेल्या दिवाळीत मामेबहीण माझ्याबरोबर पाटाने आली. सहा-सात किलोमीटर गेलो असू. दोन वर्षांत सायकल तिला लहान झाली होती, गुडघे हँडलला लागत होते. आवर्तन चालू होतं. एका चारीपाशी थांबून तिने पाण्यात पाय सोडले आणि म्हणाली, "इथून शाळा तर डांबरी रस्त्यापेक्षा जवळ आहे." घरी आल्यावर मामाला विचारलं, तर तो म्हणाला, "तू आहेस तोवर जाऊ दे."

रविवारी मी पुण्याला परतलो.