चौकशी करणारा राजा

मार्कंडादेव इथून जवळ, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. मार्कंडेयाची गोष्ट तुम्हाला आजीनंच सांगितलेली आहे. सोळाव्या वर्षी मरण ठरलेलं. पोरानं पिंडीला मिठी मारली आणि यमाला रिकाम्या हातानं परतावं लागलं. भाकीत होतं, पण त्यावर उपायही होता. सोफोक्लीसच्या नाटकातल्या ओयदिपौसलाही भाकीत ऐकवलं जातं: बापाला मारशील, आईशी लग्न करशील. तो उपाय म्हणून घर सोडतो, आणि त्याच वाटेवर त्याला खरा बाप भेटतो. आता मार्कंड्याच्या जत्रेतून आलेल्या माणसाला ही गोष्ट कशी सांगायची?

मी स्वतः ती कित्येक वर्षं चुकीची सांगितली. वर्गात सोपं पडावं म्हणून म्हणायचो, "हे प्रारब्ध समजा." वर्ग लगेच समाधानी. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग मागच्या जन्मी त्यानं काय केलं होतं?" मी गप्प. कारण नाटकात मागचा जन्मच नाही! कर्माचा हिशेब लावला की दुःख म्हणजे नुसती वसुली होते. वसुली बघायला रात्रभर कोण जागेल? ॲरिस्टॉटलचा शब्द आहे हमार्तिया. आपल्याकडे त्याचा सर्रास 'दोष' असा अर्थ करतात. मुळात त्यात नेम चुकण्याचा अर्थ आहे. नेम चुकलेला माणूस पापी नसतो.

पु. ल. देशपांड्यांनी 'राजा ओयदिपौस' केलं तेव्हा नाव ग्रीकच ठेवलं, उच्चारासकट. ते बरं केलं. (फ्रॉइडच्या कृपेनं 'ईडिपस' म्हटलं की लोकांना गंड आठवतो, राजा आठवत नाही.) पण परक्या नावाची एक किंमत असते. प्रेक्षक म्हणतो, हे तिकडचं आहे. शहरातल्या नाट्यगृहात ते चालून जातं. आपल्या झाडीपट्टीत, धान निघाल्यावर वडशाच्या कंपन्या गावोगाव रात्रभर खेळ करतात, तिथं नाही चालणार. ही रंगभूमी काय ताकदीची आहे हे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांनाही थोडं कळलं असेल.

इथं सांगायचं तर मी भाकितापासून सुरुवात करणार नाही. सोफोक्लीसही करत नाही. तो रोगापासून सुरू करतो. थीब्जमध्ये साथ आहे, पीक करपलंय, गुरं मरतायत, बाळंतपणं बिघडतायत. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. अशा वेळी गावात काय विचारतात? "कुणी केलं?" आणि मग नाव निघतं ते ज्याच्यामागे कुणी उभं नाही अशाचं, पुष्कळदा एखाद्या एकट्या म्हातारीचं. 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी तो प्रश्न काही कायद्यानं जात नाही.

ओयदिपौसही आधी हेच करतो, बघा. आंधळ्या तैरेसियासवर आळ घेतो, मग मेव्हण्यावर, क्रेऑनवर. कारस्थान आहे म्हणतो. इथपर्यंत तो आपल्यातलाच एक आहे. पण पुढं चौकशीचं टोक त्याच्याकडेच वळतं आणि तो ती थांबवत नाही. योकास्ता म्हणते, आता पुरे. राजा आहे, एका शब्दात सगळं मिटवू शकला असता. मिटवत नाही. 'कुणी केलं' याचं उत्तर 'मी' असं येऊ शकतं, हे ऐकायची तयारी असलेला माणूस मला आपल्या पुराणांत चटकन सापडत नाही. तुम्हाला सापडला तर सांगा.

म्हणून कंपनीवाल्यांना एकच विनंती. म्हाताऱ्या गुराख्याची साक्ष चालू असते. त्याला बोलायचं नसतं, आणि पुढचं वाक्य काय येणार हे राजाला कळलेलं असतं. त्या जागी गाणं घालू नका. झाडीपट्टीत गाण्याशिवाय भागत नाही, मला ठाऊक आहे. ते आधी घाला, साथीनं गांजलेल्या गावकऱ्यांच्या तोंडी. ग्रीकांचा कोरसही गातच होता की!