विश्वासार्ह यंत्र आणि जबाबदार माणूस

संरक्षणाच्या विषयावर तत्त्वज्ञानाचा माणूस काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. आपल्या उचगावपासून टेंबलाई टेकडीवरची टेरिटोरियल आर्मीची बटालियन हाकेच्या अंतरावर आहे. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. फौजेची माहिती माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त. मी आज फक्त एका शब्दाची झाडाझडती घेणार आहे. तो शब्द म्हणजे ‘विश्वासार्ह’.

ऑक्टोबर 2024मध्ये संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी सैन्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता कशी तपासावी, याची एक चौकट जाहीर केली. ‘ईटीएआय’ हे तिचं नाव. विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्तेचं मूल्यमापन, असा त्याचा अर्थ. तयारी त्याआधीपासून चालू होती. 2018 साली एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती गटाने अहवाल दिला. जुलै 2022मध्ये संरक्षणमंत्र्यांनी अशी 75 उत्पादनं एका दिवशी लोकांपुढे ठेवली.

यातलं बरंचसं स्वागत करण्यासारखं आहे. विमानाच्या इंजिनाच्या नोंदी बघून कुठला भाग झिजत आलाय हे आधी कळलं, तर वैमानिकाचा जीव वाचतो. 2019च्या महापुरात शिरोळला सैन्याच्या बोटी आल्या, ते आपण पाहिलंय. पाऊस, धरणांचा विसर्ग, बुडालेले रस्ते, अडकलेली माणसं ही सगळी माहिती एकत्र आली, तर पहिली बोट कुठं पाठवायची हे लवकर ठरेल. अशा कामाला माझा विरोध असण्याचं कारणच नाही.

प्रश्न पुढं येतो. बोट कुठं पाठवायची हे सांगणारी विचारपद्धतीच गोळी कुठं झाडायची हेही सांगू लागते. म्हणून ती पद्धत समजून घेऊ.

आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचं नेहमीचं उदाहरण आहे: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. धूर आणि अग्नी यांच्या नित्य साहचर्याला व्याप्ती म्हणतात. प्रचंड माहितीवर पोसलेलं यंत्र अशी साहचर्यंच शोधतं, आणि माणसाला जन्मभर सापडणार नाहीत इतकी शोधतं. पण नैयायिक तिथं थांबले नाहीत. पंचगंगेवरचं पहाटेचं धुकं कुणी धूर समजलं तर? गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर कुणी वणवा समजलं तर? हेतू खरा की हेत्वाभास, हे तपासायला त्यांनी एक शास्त्र उभं केलं. यंत्र ‘शक्यता नव्वद टक्के’ म्हणतं. उरलेल्या दहा टक्क्यांत कोण माणसं आहेत, हे त्याला ठाऊक नसतं.

एप्रिल 2024मध्ये ‘प्लस नाइन सेव्हन टू’ या मासिकाने इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे एक वृत्तांत छापला. गाझात ‘लॅव्हेंडर’ नावाच्या प्रणालीने सुमारे 37,000 माणसं संशयित ठरवली, दहातली एक निवड चुकते हे माहीत होतं, आणि एका नावाला मंजुरी द्यायला अधिकारी कधी कधी 20 सेकंद घेत, असं त्यात होतं. त्या 20 सेकंदांत काय बघायचं? तर समोरचा पुरुष आहे ना, एवढंच. सैन्याचं म्हणणं असं की, ही निरनिराळी माहिती ताडून बघण्याची नोंदवही आहे, निर्णय माणूसच घेतो. वादापुरतं ते मान्य करू. पण 20 सेकंदांत होतो त्याला निर्णय म्हणायचं का? आपल्याकडे त्याला शिक्का मारणं म्हणतात.

आता ‘ईटीएआय’कडे परत येऊ. तिची पाच तत्त्वं आहेत: भरवसा आणि टिकाऊपणा, सुरक्षितता, पारदर्शकता, निष्पक्षता आणि खासगीपणा. पाचही चांगली आहेत. पण नीट बघा, ही सगळी यंत्राची लक्षणं आहेत. उत्तरदायित्व हे त्या पाचांत स्वतंत्र तत्त्व म्हणून नाही. कुणी म्हणेल, पारदर्शकतेत ते आलंच. नाही येत. चूक कशी झाली हे पारदर्शकतेतून कळेल. ती कुणाची, हे कळणार नाही. विहिरीचा दोर भरवशाचा असतो, पण तो तुटला तर आपण दोराला जाब विचारत नाही.

हे पुस्तकी वाटत असेल, तर नागालँड आठवा. 4 डिसेंबर 2021 रोजी ओटिंग इथं खाणीवरून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्करी पथकाने गोळीबार केला. सहा मजूर गेले. गफलतीतून हे घडलं, असं गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं. राज्याच्या पोलिसांनी 30 जवानांवर आरोपपत्र ठेवलं, केंद्राने खटल्याला मंजुरी नाकारली, आणि सप्टेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती कारवाई थांबली. तिथं प्रत्येक माणसाला नाव होतं, हुद्दा होता, तरी उत्तर मिळणं इतकं अवघड गेलं. उद्या मध्ये यंत्र आलं, की अधिकारी प्रणालीकडे बोट दाखवेल, कंपनी माहितीकडे, आणि माहिती तर कुणाचीच नसते.

कुणी म्हणेल, सर, युद्धात वेळ असतो कुठं? बरोबर आहे. जहाजावर क्षेपणास्त्र येत असेल तर यंत्राने ते आपणहून पाडावं; तिथं समोर लोखंड आहे. माणूस लक्ष्य असेल तिथं मात्र घाई हा युक्तिवाद होऊ शकत नाही.

सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांची व्यवस्था वाचा. हवालदार, सरनोबत, सबनीस. तिघे बरोबरीचे, किल्ला एकाच्या हाती नाही. एकावर दुसऱ्याची नजर, आणि प्रत्येकाचं काम नेमून दिलेलं. त्या व्यवस्थेत विश्वास होता, पण तो जबाबदारीच्या पायावर उभा होता.

म्हणून माझी मागणी साधी आहे. त्या पाचांत सहावं तत्त्व घाला. माणसावर शस्त्र चालवण्याच्या प्रत्येक निर्णयाखाली एका अधिकाऱ्याचं नाव असावं. त्याला तपासायला वेळ असावा, आणि यंत्राला ‘नाही’ म्हटल्याबद्दल त्याची बढती अडू नये. हे शत्रूच्या दयेपोटी मागतोय असं समजू नका. जबाबदारी वर ठरली नाही, की ती घरंगळत खाली येते आणि शेवटी बंदूक धरलेल्या पोराच्या खांद्यावर बसते. ती पोरं आपल्याच गावांतली आहेत.